एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी : सह्याद्रीत चालणाऱ्यांसाठी

सिंहगडावर नेहमी जाणाऱ्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न असतो तो "किती मिनिटांत चढलात?" हाच. सह्याद्रीत ही सवय निरुपद्रवी असते, उलट तिने व्यायामाला हुरूप येतो; पण तीच सवय घेऊन जो एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला लागतो, त्याच्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके धरून बसण्याची वेळ येऊ शकते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, तर लुक्ला हे जिथून चालायला सुरुवात होते ते गावच २,८६० मीटरवर आहे. बेस कॅम्पची उंची ५,३६४ मीटर, म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ती भरून निघत नाही. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईइतकेच, सुमारे २१ टक्के असते. मात्र हवेचा दाब जवळजवळ निम्मा झालेला असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो. या उणिवेशी शरीर जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात, आणि कितीही दमदार छाती असली तरी ते दिवस वाचवता येत नाहीत. खाली दिलेली सगळी तयारी या एका गोष्टीला धरून आहे.

पहिली पायरी : हंगाम आणि सुट्टी

या ट्रेकचे दोन हंगाम आहेत. मार्चअखेर ते मेचा मध्य हा वसंताचा, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा पावसाळ्यानंतरचा. वसंतात वाटेवरच्या तेंगबोचेच्या खालच्या जंगलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो आणि बेस कॅम्पवर मोहिमांचे तंबू लागलेले असतात. शरदात आकाश अधिक स्वच्छ असते, पण बेस कॅम्पवर बहुधा दगड, बर्फ आणि पताका एवढेच पाहायला मिळते. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याकडे आपल्याकडच्या लोकांचा कल असतो आणि तो योग्यच आहे. दसऱ्याच्या दिवसांत मात्र नेपाळमध्ये दशैं असते. तो त्यांचा सर्वांत मोठा सण असल्याने अनेक गाईड आणि भारवाहक घरी जातात, म्हणून त्या काळात जायचे असल्यास नोंदणी बरीच आधी करावी.

सुट्टी मोजताना चालण्याचे अकरा-बारा दिवस, काठमांडूतला एक दिवस, दोन्ही बाजूंचा प्रवास आणि शिवाय दोन राखीव दिवस धरावेत. हे राखीव दिवस का लागतात ते पुढे येईलच. ते धरणे शक्य नसेल, तर या वर्षी हा बेत पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : संस्था निवडताना वेळापत्रक वाचावे

नवखा माणूस संस्थेची जाहिरात आणि तिची किंमत पाहतो. त्याने पाहायला हवा तो वेळापत्रकातला रात्रीच्या मुक्कामांच्या उंचीचा रकाना. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी चालते, हिशेब झोपेच्या जागेचा असतो.

आता प्रचलित वेळापत्रक या नियमावर घासून पाहू. लुक्लाहून पहिला मुक्काम फाकडिंगला (२,६१०), म्हणजे चक्क थोडे खाली. दुसरा नामचे बाजारला (३,४४०), तिथे दोन रात्री. मग तेंगबोचे (३,८६०), डिंगबोचे (४,४१०), तिथेही दोन रात्री. पुढे लोबुचे (सुमारे ४,९४०) आणि शेवटी गोरकशेप (५,१६४), जिथून बेस कॅम्पला जाऊन परत गोरकशेपलाच झोपायला यायचे. यात फाकडिंग ते नामचे ही ८३० मीटरची उडी सर्वांत मोठी आहे. म्हणून पन्नाशीपुढच्यांनी किंवा प्रथमच एवढ्या उंचीवर जाणाऱ्यांनी मधे मोंजो (सुमारे २,८३५) येथे मुक्काम देणारा कार्यक्रम मिळाला तर तो आवर्जून घ्यावा. नामचे किंवा डिंगबोचे यांपैकी एखाद्या ठिकाणची दुसरी रात्र कापून "आठ दिवसांत बेस कॅम्प" असे विकणारा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी तो नाकारावा.

वेळापत्रक पटले की संस्थेला चार प्रश्न लेखी विचारावेत. किती ट्रेकरमागे एक गाईड असेल? एखाद्याला खाली आणावे लागले तर त्याच्यासोबत कोण उतरेल आणि उरलेल्या गटाचे नेतृत्व कोण करील? गाईड आणि भारवाहक यांचा विमा उतरवलेला आहे का? आणि एका भारवाहकावर किती किलो ओझे दिले जाते? सामान्यतः दोन ट्रेकरमागे एक भारवाहक असतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा किलो येतात. वाटेवर तुम्हाला याहून कितीतरी जास्त ओझी वाहणारी माणसे दिसतील. आपल्या सोयीसाठी त्यांत भर पडू नये एवढे तरी आपल्या हातात असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर ती संस्था सोडून द्यावी.

तिसरी पायरी : डॉक्टर, विमा आणि कागद

निघण्याच्या तीन-चार महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. चाळिशीपुढील व्यक्तींनी हृदयाची तपासणी आवश्यक आहे का हे विचारावे. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा. दातांच्या डॉक्टरांकडेही एकदा जाऊन यावे; किडलेला दात थंडीत आणि उंचीवर हमखास ठणकतो आणि डिंगबोचेला दंतवैद्य नसतो.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स या नावाने माहीत असलेली गोळी, हा या भेटीतला मुख्य विषय असावा. उंचीवर आपण जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी बनते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो; मूत्रपिंडे हा समतोल पुन्हा साधायला काही दिवस घेतात. ही गोळी तेच काम लवकर करून देते, म्हणजे ती उंचीच्या आजाराची लक्षणे झाकणारी वेदनाशामक नव्हे. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते, पण स्वतःचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते न विसरता सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. तिथे थंडीत रात्री तीनदा उठण्यापेक्षा आधी घरीच एक-दोन दिवस गोळी घेऊन पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

विम्याची पॉलिसी घेताना बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. साध्या प्रवासविम्यात ठरावीक उंचीपुढचे ट्रेकिंग वगळलेले असू शकते. आपल्याला ६,००० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिलेली पॉलिसी हवी. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक कागदावर लिहून गाईडकडेही द्यावा.

भारतीय नागरिकांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ स्वरूपात लागते आणि आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. केवळ आधारवर विसंबून विमानतळावर पोहोचलेले लोक दर हंगामात भेटतात. एका भारतीय रुपयाचे १.६ नेपाळी रुपये होतात, हा दर कायम बांधलेला आहे. भारतीय मोठ्या नोटांविषयीचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा नेणे सर्वांत निर्धोक. नामचेनंतर एटीएमवर भरवसा ठेवता येत नाही. वरच्या सगळ्या दिवसांची रोकड तिथूनच सोबत घ्यावी.

चौथी पायरी : सोळा आठवडे चालणे

या ट्रेकमध्ये दोर किंवा कडे नाहीत. रोज पाच ते सात तास, आणि गोरकशेपच्या दिवशी त्याहून अधिक, सलग अकरा-बारा दिवस चालायचे आहे. म्हणून एका दिवसाच्या पराक्रमापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालता येणे महत्त्वाचे. पहिले चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस पाऊण तास भरभर चालावे आणि दोन दिवस जिने चढावे-उतरावे. मुंबईकरांना इमारतीचा जिना हाच खरा मित्र आहे. पुढचे आठ आठवडे पाठीवर पाच ते सात किलोची सॅक घ्यावी, कारण ट्रेकवरही पाणी, जॅकेट आणि खाऊ यांचे एवढेच ओझे स्वतःकडे असते, आणि दर रविवारी एखादा गड करावा. नामचेच्या आधीचा अवघड चढ दूधकोसीवरच्या हिलरी पुलानंतर सुरू होतो, आणि तो साधारण सिंहगडाच्या पायवाटेएवढाच भरतो. फरक एवढाच की तो सिंहगडाच्या माथ्याहूनही दीड हजार मीटर वरच्या हवेत चढायचा असतो.

शेवटच्या महिन्यात एकदा तरी शनिवारी राजगड आणि रविवारी तोरणा असे लागोपाठ दोन दिवस काढावेत. सोमवारी सकाळी जिना उतरताना मांड्या भरून आल्या नाहीत तर तुमची तयारी झाली आहे. उतार टाळू नये. गुडघे दुखतात ते परतीच्या वाटेवर. निघण्याआधीचा आठवडा हलका ठेवावा.

या सगळ्या सरावात एक सवय मुद्दाम लावून घ्यावी. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल एवढ्याच गतीने चालावे आणि घड्याळ घरी ठेवावे. नेपाळी गाईड दिवसातून पन्नासदा "बिस्तारै, बिस्तारै" म्हणतो, म्हणजे सावकाश. तंदुरुस्ती माणसाला उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट तरुण आणि दणकट मंडळी लवकर वर पोहोचतात आणि त्यामुळेच आजारी पडतात, हे ध्यानात ठेवले तर सराव कशासाठी करायचा ते आपोआप कळते. पायांना श्रम कमी वाटले की शरीराची ताकद जुळवून घेण्यासाठी शिल्लक राहते.

पाचवी पायरी : सामान

लुक्लाच्या छोट्या विमानात एकूण सुमारे पंधरा किलो सामान नेता येते, त्यामुळे प्रत्येक वस्तू घरच्या वजनकाट्यावर मोजून घ्यावी. कपड्यांचे तत्त्व थरांचे आहे : अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, वर फ्लीस, त्यावर डाउन (मऊ पिसे भरलेले) जॅकेट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवावेत. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गारठवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोरकशेपला रात्रीचे तापमान शून्याखाली दहा अंश किंवा त्याहूनही खाली जाते, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्या थंडीला पुरणारी असावी. ती आणि डाउन जॅकेट काठमांडूत ठमेल भागात भाड्याने मिळतात, एका ट्रेकसाठी विकत घेण्याची गरज नाही.

बूट मात्र भाड्याचे किंवा नवे कोरे असू नयेत. घोटा धरणारे बूट तीन महिने आधी घेऊन त्यांत किमान सहा गड झालेले असावेत, आणि ते संध्याकाळी, जाड पायमोजे घालून विकत घ्यावेत, कारण चालून पाय सुजतात आणि उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. याखेरीज हेडटॉर्च, अतिनील किरणे अडवणारा गॉगल, सनस्क्रीन, ओठांचे मलम, लोकरी टोपी, दोन जोड हातमोजे, गळ्याभोवतीचा बफ, चालण्याच्या दोन काठ्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि दोन लिटर मावतील अशा बाटल्या लागतात. स्त्रियांनी पाळी उंचीवर मागेपुढे होऊ शकते हे धरून पॅड आणि वापरलेले पॅड परत आणण्यासाठी पिशवी सोबत ठेवावी. मोबाइल आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावे, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

खाण्याचे थोडे सामान घरून न्यावे, आणि ते चॉकलेटपुरते नसावे. चार हजार मीटरच्या वर भूक मरते आणि गोड नकोसे होते. तेव्हा दालभातासोबत चिमूटभर मेतकूट किंवा लिंबाचे लोणचे असले तर दोन घास जास्त जातात. हा सल्ला कोणत्याही इंग्रजी यादीत सापडणार नाही.

सहावी पायरी : काठमांडू ते लुक्ला

काठमांडूचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, एवढे लक्षात ठेवावे. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमाने बहुतेक काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून सुटतात, आणि तिथे पोहोचायला मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास गाडीचा प्रवास करावा लागतो. आपले विमान कुठून आहे आणि त्या गाडीचा खर्च कोणाकडे, हे संस्थेला आधीच विचारावे. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढाची आहे, उड्डाणे नजरेच्या अंदाजावर होतात, त्यामुळे ढग आले की विमाने बंद पडतात, कधी दोन-दोन दिवस. अशा वेळी वैतागून उपयोग नाही. आणि हुकलेला दिवस पुढे नामचेची दुसरी रात्र कापून भरून काढू, असा प्रस्ताव गटात कोणी मांडला तर त्याला ठाम नकार द्यावा. राखीव दिवस यासाठीच असतात.

सातवी पायरी : वाटेवरची शिस्त

सकाळी लवकर निघून दुपारी मुक्कामाला पोहोचावे. याक किंवा जोप्क्यो (याक आणि गाय यांचा संकर) समोरून आले की डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही; त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरतो. मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून डावीकडून पुढे जावे. दिवसभरात तीन ते चार लिटर पाणी प्यावे. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात प्राणी मारायला बंदी असल्याने मांस खालून पाठीवर वाहून आणलेले असते. मांसाहारी मंडळींनीही नामचेच्या वर शाकाहार पाळावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य, कारण त्या झोपेतला श्वास आणखी मंद करतात. कोरड्या थंड हवेने येणारा खोकला इथे इतका सार्वत्रिक आहे की त्याला या खुंबू भागावरून खुंबू खोकला असेच नाव पडले आहे; पहिल्या दिवसापासून नाकातोंडावर बफ ठेवला तर तो बराच आवरतो.

नामचे आणि डिंगबोचेचे विश्रांतीचे दिवस लोळण्यासाठी नसतात. नामचेहून ३,८८० मीटरवरच्या हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत, आणि डिंगबोचेहून वरच्या नांगकारत्शांगच्या सोंडेवर जमेल तेवढे चढून पुन्हा खाली येऊन झोपावे. "दिवसा वर, रात्री खाली" हा इथला रिवाज आहे.

आठवी पायरी : उंचीचा आजार ओळखणे

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक न लागणे, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा आजारच समजावा. "पित्त झाले असेल", "ऊन लागले असेल" ही आपल्याकडची ठरलेली उत्तरे इथे बाजूला ठेवावीत. लक्षणे सौम्य असतील तर त्याच उंचीवर थांबावे. ती वाढत असतील तर खाली उतरावे. आणि लक्षणे असताना वर झोपायला कधीही जाऊ नये. रात्री झोपेत काही क्षण श्वास थांबून पुन्हा जोरात सुरू होणे घाबरवणारे असले तरी त्या उंचीवर सामान्य आहे.

दोन स्थितींत मात्र वेळ दवडता येत नाही. बसून असतानाही धाप लागत असेल, खोकला वाढून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येत असेल, तर फुप्फुसांत पाणी साचत आहे. बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणूक, तोल जाणे ही मेंदूला सूज आल्याची खूण आहे. तिची परीक्षा सोपी, जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला बोट लावत चालायला सांगावे. जमले नाही तर रात्र असली तरी त्याच क्षणी, गाईडसोबत, खाली. सकाळची वाट पाहायची नाही आणि त्याला एकट्याला पाठवायचे नाही. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. त्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा ८० च्या आसपास येतो, आणि चांगला आकडा दाखवणारा माणूसही आजारी असू शकतो.

माझ्यासोबतच्या एका तरुण ट्रेकरने डिंगबोचेला डोकेदुखी लपवली, कारण आपल्यामुळे गट अडेल असे त्याला वाटले. रात्री उलट्या सुरू झाल्या. पहाटे सहायक गाईडने त्याला पांगबोचेपर्यंत, म्हणजे चारशे मीटरहून थोडे अधिक, खाली नेले, आणि संध्याकाळी निरोप आला तो असा की त्याने दोन ताटे दालभात संपवला आहे. म्हणून पहिल्याच रात्री गटाने ठरवावे की रोज जेवणाच्या वेळी प्रत्येकजण आपली डोकेदुखी, भूक आणि झोप खरी सांगेल. फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात सुरू असतो आणि तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारांवर ट्रेकरसाठी बोलतात. विश्रांतीच्या दिवशी डिंगबोचेहून टेकडी ओलांडून तिथे जाऊन यावे, वेळ सार्थकी लागतो.

बेस कॅम्प आणि परतीची वाट

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही. ते पाहायचे तर दुसऱ्या दिवशी पहाटे गोरकशेपवरून सुमारे साडेपाच हजार मीटरच्या काला पत्थरवर चढावे लागते, आणि हा पूर्ण मार्गावरचा सर्वांत थंड व सर्वांत दमवणारा चढ आहे. आदल्या रात्री डोके दुखत असेल तर काला पत्थर सोडून द्यावा, बेस कॅम्प झालेला असतो. त्यानंतरचे तीन दिवस उतरण्याचे. हवा दाट होत जाते, माणसे पळू लागतात आणि गुडघे याच वेळी दुखावतात, म्हणून काठ्या थोड्या लांब करून पावले लहान टाकावीत.

लुक्लाच्या शेवटच्या संध्याकाळी गाईड आणि भारवाहकांना बक्षिसी देण्याची प्रथा आहे. तिची रक्कम गटाने आधीच जमवून वेगळ्या पाकिटांत ठेवावी आणि भारवाहकाचे पाकीट त्याच्याच हाती द्यावे. मुंबई-पुण्याचे परतीचे तिकीट लुक्लाहून काठमांडूला पोहोचण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान दोन दिवसांनी काढलेले असावे. विमान वेळेवर मिळालेच, तर ते दोन दिवस पाटण आणि भक्तपूर पाहण्यात जातात.